तीन बाय सहाची चादर

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय टिटवी,

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे, डावा गुडघा तेवढा रोज हजेरी लावतो. तुझी आई बरी आहे. इथे थंडी पडायला लागली, म्हणजे आमच्या धंद्याचे दिवस. शेजारच्या काउंटरवरचा पडदेवाला माशा मारत बसतो आणि माझ्याकडची गर्दी बघून जळतो.

सव्वा वर्षाने तुझं अक्षर पाहिलं. पाकीट हातात आलं तसा मी उठून मागे गोदामात गेलो आणि रजयांच्या ढिगावर बसून पत्र वाचलं. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम मिळालं हे बरं झालं. लहानपणी माझ्या चष्म्याचे स्क्रू काढून ठेवायचीस, तेव्हा मी केवढा ओरडायचो. त्या उद्योगाचा आता पगार मिळतोय म्हणायचा. तिसरा मजला, एक खिडकी, लोखंडी पलंग. खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं नाहीस.

लिननची चादर कशी निवडायची, चांगली पण परवडणारी, असं विचारलंयस. बत्तीस वर्षं लिननच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला तू हे विचारतेस? म्हणजे आता हा माणूस थांबायचा नाही. तुझी आई म्हणतेच, यांना वेळ विचारली तर घड्याळ कसं बनतं ते सांगतील. मी इथूनच एक पाठवली असती, पण त्या दुकानातलं मला काही नको असं तू स्पष्ट लिहिलंयस. ते मी समजू शकतो. मालक मामा लागतात तुझ्या नवऱ्याचे.

पलंगाचं माप तू तीन बाय सहा लिहिलंस. एकेरी चादर मागणारी माणसं आमच्याकडे तीन प्रकारची येतात. कुणाचं पोर शिकायला बाहेर चाललेलं असतं, ती माणसं रंगावरून भांडतात. कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, ती एकदम चार चादरी उचलतात. तिसरी माणसं आधी पाच बाय सहा म्हणतात आणि मग स्वतःलाच दुरुस्त करतात. तूही आधी पाच लिहून खोडलंयस. अशा गिऱ्हाइकाला आम्ही काही विचारत नाही, निमूटपणे माल दाखवतो.

तर माल बघ.

लिनन आणि लिननसारखं, यात जमीन-अस्मानाचा फरक. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातून काढलेला धागा. त्याच्यासारखं दिसणारं कापड निम्म्या किमतीत मिळतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि जग फसतं म्हणून मालकांच्या बंगल्यावर दुसरा मजला चढला. चादरीचा कोपरा मुठीत घट्ट आवळ, दहापर्यंत आकडे मोज, सोड. खरं लिनन चुरगळतं आणि चुरगळलेलंच राहतं. सुरकुती पडलीच नाही तर भेसळ आहे, विकणारा कितीही गोड बोलो. मग ओल्या बोटाने पाण्याचा एक थेंब टेकव. तो लगेच आत जिरला पाहिजे. वरच बसून राहिला तर चादर खाली ठेव आणि चालू लाग. कापडावर कापड घासून बघ. पांढरी पूड निघाली तर ती खळ आहे, दोन धुण्यांत त्या चादरीतून पलीकडचं दिसेल.

विकणारा तुला धाग्यांचा आकडा सांगेल, एवढ्या इंचात एवढे धागे. सुती कापडाला ते ठीक आहे, लिननला त्याचा उपयोग नाही. मी स्वतः हजारो लोकांना तो आकडा सांगितलाय, कारण आकडा ऐकला की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. तू वजन विचार. चौरस मीटरला एकशे साठ ते एकशे नव्वद ग्रॅम, अंथरायला ते पुरे.

आता परवडण्याचं. रंगवलेलं घेऊ नकोस, मूळचं मातकट घे. रंगाचे आणि शुभ्र करण्याचे पैसे वाचतात आणि धागाही कमी मार खातो. कडेला इलास्टिक नको. सपाट चादर डोक्याकडची पायाकडे फिरवता येते, म्हणून सगळीकडे सारखी झिजते. लिननची एकच चादर आणि एक अभ्रा घे, पांघरायचं साधं सुती चालेल. दुकानदाराला हळूच विचार, विणताना गाठ राहिली म्हणून बाजूला काढलेला माल आहे का. असतो, सगळीकडे असतो, फक्त तो काउंटरवर ठेवत नाहीत. आणि माप मोठं घे. पहिल्या धुण्यात लांबी चांगली चार-पाच बोटं कमी होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात खरं, पण लिननचं अंथरूण आटतं आणि पाय काही आटत नाहीत. हा माझा दुकानातला ठेवणीतला विनोद. तू शंभरदा ऐकलायस.

सुरुवातीला ते अंगाला खरखरीत लागेल. घाबरू नकोस, दहा-बारा धुण्यांनी मऊ पडतं.

धुण्याचं आणि डागांचं राहिलं. मालक खाली आलेत, उद्या लिहितो.


१३ नोव्हेंबर, बुधवार

काल संध्याकाळी घरी गेलो तर दारातच तुझ्या आईने विचारलं, ''टपालात काही?'' रोज विचारते. मी म्हटलं, ''विजेचं बिल.'' मग ती आत गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती ती.

तुझं पत्र सोळा दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उत्तराला उशीर झाला तो दुकानातल्या गर्दीमुळे नाही. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळींवर काल मी एक अक्षर लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्या ओळी मला पाठ झाल्यात. ''बाबा, तुम्हाला काही माहीत नव्हतं, म्हणून तुमच्यावर माझा राग नाही. आईने मात्र मला दारातून परत पाठवलं. तिला पत्ता देऊ नका.'' आणि त्याच्या वर, सहज लिहावं तसं, ''डाव्या कानाने ऐकू येत नाही, फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून पत्र.''

गेल्या आठवड्यात एक कानाचे डॉक्टर उशा घ्यायला आले होते. मी त्यांना चार उशा दाबून दाखवल्या आणि मध्येच विचारलं, ''डॉक्टर, मार लागून कानातून रक्त आलं तर कान जातो का हो?'' ते म्हणाले, ''लगेच आणलं पेशंटला तर बरेचदा वाचवता येतो. लोक आणतच नाहीत.'' मी त्यांना उशांवर सूट दिली. का दिली ते मलाही सांगता येणार नाही.

डागांचं लिहायचं होतं. चहाचा डाग ताजा असताना गरम पाण्याने निघतो. तेलावर कोरडं पीठ टाकून ठेवायचं, ते तेल ओढून घेतं. रक्ताला मात्र गरम पाणी कधी लावू नये, डाग पक्का होतो. थंड पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, कापड भिजवायचं आणि हलक्या हाताने चोळायचं. लिननवरून तर पाच मिनिटांत निघतो.

मला ते पक्कं माहीत आहे, कारण तुझ्या उशीच्या अभ्र्यावरचा डाग मी असाच काढला.

टिटवे, दोन वर्षांपूर्वी तू एक पिशवी घेऊन घरी आलीस. कानाला स्कार्फ गुंडाळला होतास. म्हणालीस, बसमध्ये वारा लागला, कान दुखतोय, चार दिवस राहते. सकाळी तू आंघोळीला गेलीस, आई चहा करत होती, आणि मी सवयीने तुझं अंथरूण आवरायला आलो. घरातल्या सगळ्यांच्या चादरींच्या घड्या मी घालतो, तुला ठाऊकच आहे. उशी उचलली. तू ती उलटी करून ठेवली होतीस. खालच्या बाजूला डाग होता, तळहाताएवढा.

मला सगळं कळलं. कळायला काही राहिलंच नव्हतं. आणि मी काय केलं? अभ्रा काढला, मागच्या मोरीत नेला, थंड पाणी घेतलं, मीठ घातलं. डाग असा निघाला की मलाही जागा दाखवता आली नसती. मी तो वाळत घातला आणि उशीला दुसरा अभ्रा चढवला. तुला वाटलं असेल आईने धुवायला नेला. आईला वाटलं मी नेहमीसारखं आवरलं.

तासाभराने मालकांचा फोन आला. ''नवरा-बायकोचं किरकोळ वाजलंय, पोरीला समजावून आजच पाठवा.'' मी ''हो'' म्हणालो. हे स्थळ मालकांनी आणलेलं, मुलगा त्यांचा भाचा. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, असं मी मनाला सांगितलं. नोकरीची भीती होतीच. पण तेवढंच नव्हतं. लग्नात त्यांनी मला सगळ्यांसमोर शेजारी बसवून घेतलं होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. बत्तीस वर्षं ज्यांच्यासमोर उभं राहून बोललो, त्यांच्या शेजारची ती खुर्ची मला सोडवेना. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

तुझी आई तुला पाठवायला तयार नव्हती. ती म्हणाली, ''पोर काही बोलत नाहीये, पण चेहरा बघा तिचा. हात तर नाही ना उचलला त्याने?'' मी म्हटलं, ''छे! मी विचारलंय तिला. रुसवाफुगवी आहे नुसती.'' मी तुला काहीच विचारलं नव्हतं. मग मीच तिला म्हटलं, ''तू सांग तिला जायला, माझं ती ऐकणार नाही.'' आणि ती दारात उभी राहून तुला म्हणाली, ''जा बाई, आपलं घर ते आपलं घर.'' तिने ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून म्हटलं. मी तिच्या मागे तुझी पिशवी घेऊन उभा होतो.

बसस्टॉपवर तू म्हणालीस, ''बाबा, तुम्ही सांगा ना आईला.'' मी म्हणालो, ''तिच्या मनातच नाही गं, मी काय करू?''

त्या एका वाक्यावर तू दोन वर्षं आईशी बोलली नाहीस. त्यानंतर सात महिने तू त्या घरात काढलेस, आणि तिथून निघालीस तेव्हा आमच्याकडे आली नाहीस. कशी येशील? आई आजही म्हणते, ''माझ्या जिभेने माझी पोर घालवली.'' आणि मी समोर बसून जेवत असतो. एकदाही तिला म्हणालो नाही की जीभ तुझी होती, बोलणं माझं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू माझ्यावर रागावली नाहीस आणि ती स्वतःवरच रागावली. तुम्हा दोघींच्या मधे मी एकटाच भला माणूस राहिलो.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पत्ता फक्त मला दिलास. ठरवलं होतं की चादरीचं लिहावं, पुढच्या महिन्यात उशीचं लिहावं, आणि असंच चालू द्यावं. एकदा भेटायलाही आलो असतो. तू चहा केला असतास. मी तुझ्या उजव्या बाजूला बसलो असतो आणि कान कशाने गेला ते विचारलं नसतं.

पण डॉक्टरांचं ते ''लगेच आणलं तर'' काही पाठ सोडत नाही. तुला त्या सकाळी दवाखान्यात न्यायला दहा मिनिटं लागली असती. मी ती मोरीत घालवली.

वकील केला असशील आणि त्याला हे पत्र लागलं तर दाखव. मालकांसमोर उभं राहून सांगायची वेळ आली तर सांगेन. याने कान परत येत नाही हे मला कळतं.

हे पत्र आधी पेटीत टाकणार आणि मग घरी जाऊन तुझ्या आईला सगळं सांगणार. आधी घरी गेलो तर पत्र न टाकायला काहीतरी निमित्त मिळेल, मला मी चांगला ओळखतो. तुझा पत्ताही तिला देणार आहे. तू नको म्हणाली होतीस, पण ते मी तुझ्या लेखी निर्दोष होतो तेव्हाचं. ती बहुतेक उद्याच्याच बसने निघेल. ती आली तर दार उघड. तिला जिना चढायला वेळ लागतो, एका दमात तीन मजले होत नाहीत. तिला दाराबाहेर उभं ठेवू नकोस.

मी तिच्याबरोबर येणार नाही. मला लिहिलं नाहीस तरी चालेल, असं इथे लिहायला हवं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. चालणार नाही, पण तो तुझा प्रश्न नाही.

पत्राच्या शेवटी अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते तुझ्या आईचे समज.

बाबा