तिसऱ्या वळणावरचा डबा

उस्ताद, तुम्हाला मी कधी चार ओळीही लिहिल्या नाहीत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही नांदुऱ्यातच, कापसाच्या जिनाच्या फाटकावर, हाकेच्या अंतरावर बसलेले असायचात. मग लिहायचं कशाला? आता तुम्हाला मातीआड जाऊन तीस वर्षं झाली आणि मी म्हातारा कागद घेऊन बसलोय. जिवंतपणी तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही, निदान आता उघडेल असं वाटलं होतं. तेही अडखळतंच आहे.

शेटजींच्या जिनात माझे वडील मुनीम, तुम्ही शेटजींच्या मोटारीचे ड्रायव्हर, आणि मी मॅट्रिकला आपटलेला दिवटा. वडिलांनी मला तुमच्या हवाली केलं. पंधरा दिवस तुम्ही मोटार नुसती धुवायला लावलीत. मग एका सकाळी गावाबाहेर शंकरपटाच्या मैदानात, जिथे एरवी बैलजोड्या पळतात तिथे, रॉकेलचे रिकामे डबे मांडलेत आणि मला म्हणालात, चप्पल काढ आणि डब्यांमधून पायी फिर. मी फणकारलो, मोटार शिकायला आलो का चालायला? "काऊन बे, पाय दुखून राह्यले का? जमीन कुठं भुसभुशीत हाय, हे गाडीत बसून नाई समजत. चाल." मी चालतोय, तुम्ही मागून बिडी ओढत येताय, ढेकूळ दिसलं की पायाने फोडताय. पुढे स्टिअरिंगचं चाक हातात आलं, तर मी ते कासऱ्यासारखं ओढायला लागलो, वर तोंडाने "हो, हो" चालूच. तुम्ही पोट धरून हसलात. "बैल नोहे बे ते! आधी धीमी कर, मंग वळव. अन् डब्याकडं पाहू नोको. डब्याकडं पाह्यलं का मोटर डब्यावरच जाते. पुढचा रस्ता पाह्य." इतकं साधं शिकवणं मला नंतर कुठे ऐकायला मिळालं नाही.

त्या हिवाळ्यात बैलांचा पट झाल्यावर मोटारींचीही शर्यत ठरली. बुलढाण्याहून गोरा साहेब घड्याळ घेऊन आला. एका वेळी एकच मोटार सोडायची, डब्यांना वळसे घेत परत यायचं, कमी वेळात येईल तो पहिला. डब्यांना चुना फासलेला. डब्याला धक्का लागला की पाच सेकंद वाढवायचे. वळणावर माणूस मात्र पटाच्या रिवाजाने उभा केला: ज्याची गाडी त्याचाच माणूस, आणि त्याचा शब्द सगळ्यांनी मानायचा. आमच्या बाजूने तुम्ही. खरं तर चाकावर तुम्हीच बसणार होतात. पण शेटजींना तुम्हीच हात जोडलेत, "पोराले बसू द्या, मालक. पोरगं तयार हाय."

पोरगं तयार नव्हतं, उस्ताद. तिसऱ्या वळणावर मी डब्याकडे पाहिलं. डावा मडगार्ड घासला, हातातल्या चाकाला बारीक हिसका बसला. डबा डुलला आणि तसाच उभा राहिला. धुळीत कोणालाच काही दिसलं नाही, असं मला वाटलं. परत येऊन थांबलो तर माझाच वेळ सगळ्यांत कमी, लोक टाळ्या वाजवतायत. मी खाली उतरलो आणि घाम पुसल्याचं सोंग करत आधी मडगार्डावरचा चुना डोक्यावरच्या टोपीने पुसून टाकला. तेवढ्यात तुम्ही चालत आलात आणि साहेबाला सांगितलंत, "लागला, साहेब. तिसऱ्याले लागला."

शेटजींनी मडगार्ड पाहिला. कोरा. आपलाच माणूस आपल्याच विरुद्ध खोटं कशाला बोलेल, हे त्यांना कळेना. ते माझ्याकडे वळले. आणि मी म्हणालो, "मालक, उस्तादले आजकाल दूरचं दिसत नाई. मी आजपावतो बोललो नाई." हे दुसरं वाक्य तर मी फुकटचंच जोडलं, वर माझा मोठेपणा दिसावा म्हणून.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझ्या हातातल्या काळ्या टोपीकडे, तिच्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे. तुम्ही नुसतं बोट दाखवलं असतं तर मी तिथल्या तिथे मेलो असतो. तुम्ही म्हणालात, "असन, मालक. उमर झाली." तुमचं वय तेव्हा पंचेचाळीस होतं.

नजर अधू झालेल्या माणसाच्या हाती घरची बायकामुलं कशी सोपवायची, म्हणून आठवड्यात शेटजींनी तुम्हाला फाटकावर बसवलं आणि तुमच्या जागेवर मला. पुढे चौदा वर्षं तुम्ही माझ्यासाठी फाटक उघडत राहिलात. मला लाज वाटायची, आणि त्या लाजेचा राग मी तुमच्यावरच काढायचो. तुम्ही उठून येताय हे दिसत असूनही भोंगा दाबून धरायचो. तुमच्या मयतीलाही गेलो नाही. मोटार घेऊन शेगावला जायचंय असं घरी सांगितलं, आणि गेलो कुठेच नाही.

गेल्या आठवड्यात तुमचा मुलगा घरी आला होता. त्याचेही केस आता पांढरे झाले. त्याच्या पोराला एस.टी.त ड्रायव्हर व्हायचंय, भरतीचा कागद आणलाय, आणि हा त्याला जाऊ देत नाही. चहा पुढे तसाच ठेवून म्हणाला, "अब्बाची नजर भर उमरीत गेली, काका, म्हणून मी कधी मोटरले हात नाई लावला. खानदानी रोग असन तर पोरगं पन्नास लोकाईले घेऊन खड्ड्यात जाईन. तुमी त्याईच्या संग होते. खरं सांगा, गेलती का नजर?"

समोर तो एकटाच होता. ना साहेब, ना शेटजी, ना टाळ्या. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "हाव. गेलती."