पटायाची घंटा आणि कळंबचा फ्लेक्स

कळंब, ता. आंबेगाव
बुधवार, दुपार

आळ्याचे आमचे साडूभाऊ सुदर्शनराव यांना भगवंताचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

एकाच घरच्या मुली केलेल्या तमाम साडूंनो! (हे संबोधन एकट्या तुम्हाला आहे, पण अनेकवचनाशिवाय माझी लेखणी तापत नाही, हे तुम्ही जाणताच.) आपल्या जमातीवर पिढ्यानपिढ्या एक अन्याय चालत आलेला आहे आणि त्याविरुद्ध आजवर एकाही साडूनं तोंड उघडलेलं नाही. खालच्या कोर्टात निकाल विरोधात गेला तर माणूस वरच्या कोर्टात जातो. आपण कुठं जायचं? आपल्या बायका सख्ख्या बहिणी. एकीनं सुनावलेली शिक्षा दुसरी कागद न बघता कायम करते. तुम्ही रोहिणीताईंना न विचारता म्हैस विकलीत, तेव्हा इकडे शीलानं माझा दुपारचा चहा बंद केला होता. म्हैस तुमची, गिऱ्हाईक ओतूरचं, आणि चहा माझा! मी विचारतो, हा कुठला कायदा?

असो. तुमचा गुडघा कसा आहे? द्राक्षांवर भुरी आली असेल तर कळवा, औषध पाठवतो. सासूबाई म्हाळसाबाई तुमच्याकडेच आहेत असं कळलं. त्यांची प्रकृती उत्तमच असणार, कारण जावयाचं काही वाकडं झालं की त्यांना भूक चांगली लागते. आणि शीला कशी आहे? जेवते ना? माझं नाव काढते का? काढत असल्यास पुढं कोणतं विशेषण लावते? फोनवर विचारलं असतं, पण फोन रोहिणीताई उचलतात आणि माझा आवाज ऐकताच "राँग नंबर" म्हणून ठेवून देतात. म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे.

तुम्हाला घरात एकच बाजू ऐकायला मिळाली असणार. ती बाजू अशी की, रविवारी शीला मंचरचा बाजार करून एसटीनं येत होती. कळंबच्या थांब्यावर गाडी थांबली आणि खिडकीतून तिला एक भलामोठा फ्लेक्स दिसला. त्यावर मी. गळ्यात झेंडूची माळ, वर केलेला उजवा हात, चेहऱ्यावर हसू, आणि दोन्ही बाजूंना सहा परदेशी बायका माझ्याहून जास्त हसताहेत. खाली मजकूर : "दारूबंदीचे झुंजार नेते मा. भगवंतराव यांचा थायलंड अभ्यासदौरा यशस्वी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : भिमाजी, परमिट रूम व मित्रपरिवार." शीला उतरली नाही. कंडक्टरला म्हणाली, "तिकीट आळेफाट्यापर्यंत वाढवा." कंडक्टरनं विचारलं, "का वो ताई, कळंबला उतरायचं न्हाई?" त्यावर ती जे बोलली, ते कंडक्टरनं मला सांगितलं नाही. गाडीत लहान मुलं होती, एवढंच म्हणाला.

आता या भिमाजीचं पोटदुखीचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. येत्या रविवारी गावात बाटलीचं मतदान आहे. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, की भिमाजीच्या दुकानाला कुलूप. त्या कुलपासाठी मी चार वर्षं घसा फोडतो आहे. म्हणजे मला दोन गोष्टी रविवारच्या आत हव्यात : गावाचा माझ्यावरचा विश्वास आणि घरात माझी बायको. भिमाजीनं एका फ्लेक्समध्ये दोन्हींवर घाव घातला. (माणूस नालायक आहे, पण फ्लेक्सची छपाई फार सुबक आहे, हे नाकारता येत नाही.)

तर आता ऐका सत्य.

दिवाळीनंतर बियाणं कंपनीनं आम्हा दुकानदारांना बँकॉक-पटाया दाखवायला नेलं, हे तुम्हाला माहीत आहे. जुन्नर-आंबेगावचे वीसएक जण. मी गेलो तो पाण्यावर तरंगणारा भाजीबाजार बघायला. बाकीच्यांचा अभ्यासाचा विषय निराळा होता आणि त्यासाठी त्यांनी विमानतळावरच बर्म्युडा घातल्या होत्या. जुन्नरचा गोरक्ष, खतवाला, त्यानं तर नवा कॅमेरा घेतला होता. भाजीबाजार आम्ही बसच्या काचेतून पाहिला. पटायात मात्र पायी फिरायला संध्याकाळ मोकळी सोडली.

नुकते दिवे लागले होते. एका रस्त्याला दोन्ही अंगांना नुसते बार. भिंत नाही, दार नाही, आपल्याकडच्या यात्रेतल्या हॉटेलांसारखे उघडे. आत उंच खुर्च्या, खुर्च्यांवर गोरे म्हातारे, आणि ये-जा करणाऱ्यांना हाका मारणाऱ्या मुली. मी फुटपाथवरच थांबलो आणि आमच्या मंडळींना उद्देशून चार शब्द बोललो. पहिला शब्द संपेपर्यंत निम्मे गेले, चौथा संपेपर्यंत मी एकटा होतो. पण गंमत बघा, आत कुणीच गेलं नाही! सगळे वाघ त्या एकाच रस्त्यावर वर-खाली, वर-खाली फेऱ्या मारत होते. मुलींनी हाक मारली की एकमेकांना पुढं ढकलायचे. "जा की रं." "तू जा की, मी नुसतं बघतोय." दुसऱ्या दिवशी बसमध्ये हेच सगळे एका सुरात म्हणाले, "लई घाण देश, राव!" आणि लगेच गोरक्षला विचारलं, फोटो नीट आले का?

तेवढ्यात मला शोधत भरत आला. भरत म्हणजे तुमच्याच आळ्याचा, तुमच्या हाताखाली शिकलेला. तिकडं कारखान्यात इंजिनियर आहे, बायको आणि मुलगी संस्कृती यांच्यासह बरीच वर्षं स्थायिक. मी त्याला फाडकन विचारलं, "अरे, तू या नरकात राहतोस?" तो हसला. म्हणाला, "काका, संस्कृतीची शाळेची बस याच रस्त्यानं जाते. आम्हाला हे बार दिसतच नाहीत. गावाकडून पावणं आलं की दिसायला लागतात. अन् पावण्यांचा पहिला प्रश्न हाच असतो." मग म्हणाला, इथं वर्षानुवर्षं राहणारे गोरे आहेत, ते रोज चारला येऊन बसतात आणि पर्यटकांना शिव्या देतात, की या लोकांना रीत नाही, ओरडतात, मुलींचे हात ओढतात. "अन् ते स्वतः काय करतात?" मी विचारलं. "तेही तिथंच बसतात. पण म्हणतात, आमचं वेगळं."

बोलत बोलत चालताना मला एका कोपऱ्यात सोन्याच्या रंगाचं छोटं देऊळ दिसलं. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, आणि नैवेद्याला लाल सरबताची बाटली, तीही नळी घालून. (देवाला नळी घालून सरबत देण्याइतकी काळजी आपल्या कुठल्या देवस्थानानं घेतली आहे?) अनोळखी गावात देऊळ दिसल्यावर माणूस काय करतो? मी चपला काढल्या, हात जोडले. एका मुलीनं ताटातली माळ उचलून माझ्या गळ्यात घातली. डोक्यावर पाहिलं तर पितळेची घंटा, दोरीसकट. सुदर्शनराव, तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, देवापुढं घंटा दिसली तर तुमचा हात खाली राहील? माझाही राहिला नाही. भरत मागून ओरडला, "काका, घंटा नको!" तोवर मी तीनदा वाजवली होती, आणि चांगली जोरात, कारण देव परका, त्याला आपला आवाज ओळखीचा नाही.

एकदम गदारोळ. उंच खुर्च्यांवरची सगळी माणसं टाळ्या वाजवत उठली. कोवळे इंग्रज पर्यटक येऊन गळ्यातच पडले. मला वाटलं, भाविक लोक आहेत. भरत कानात म्हणाला, "काका, देऊळ बाहेरचं. घंटा बारची. इथं घंटा वाजवली म्हणजे आत बसलेल्या सगळ्यांना माझ्यातर्फे दारू, असा अर्थ होतो."

चार वर्षं दारूविरुद्ध बोलणारा मी, अख्ख्या पटायाला दारू पाजायला निघालो होतो!

अशा प्रसंगी दुसरा कुणी पळाला असता. मी खुर्चीवर चढलो. भरतला म्हटलं, माझं वाक्य न् वाक्य सांग यांना. म्हणालो, "घंटा मी वाजवली, शब्द मी पाळीन. पण माझ्या घंटेला दारूचा थेंब मिळणार नाही. प्रत्येकाला एक शहाळं!" इंग्रज पोरांचे चेहरे पडले. दोघंतिघं "हूऽऽ" करून निघून गेले. कायमचे रहिवासी मात्र हलले नाहीत. एका जर्मन म्हाताऱ्यानं गंभीरपणे शहाळं हातात घेतलं आणि म्हणाला, "बारा वर्षांत असं झालं नाही." त्याला आनंद झाला की दुःख, हे जर्मन भाषेमुळे कळलं नाही.

पण सर्वांत खूश कोण झालं सांगू? त्या मुली. नोई नावाची एक होती, उत्तरेकडच्या भातशेतीवाल्या घरची. मूल आणि म्हशी आईकडे सोडून आलेली. ती भरतला म्हणाली, गिऱ्हाईक पाजेल ते रोज प्यावं लागतं, तीच आमची नोकरी, आज पहिल्यांदा कुणी पोटाला थंड दिलं. मग मला विचारते, तुमच्या गावात बार आहे? म्हटलं, आहे, आणि मी तो बंद करणार आहे. "तिथं बायका काम करतात?" म्हटलं, नाही. पुरुष पितात आणि घरी जाऊन बायकांना मारतात. ती जरा वेळ नळी ओढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाईला पगारसुद्धा नाही, नुसता मार? मग बंद करा ना, वाट कसली बघताय?"

सुदर्शनराव, मी आजवर पुष्कळ पुस्तकं वाचली आणि पुष्कळ सभा जिंकल्या. एवढं नेमकं भाषण मी केलेलं नाही.

तुम्हाला आठवतं ना, आपल्या नारायणगावात यात्रांच्या दिवसांत तमाशाच्या राहुट्या लागतात, तेव्हा बाहेरगावचे लोक सुपारी द्यायला म्हणून येतात आणि डोळे फाडून बघत उभे राहतात? आपण त्यांच्यावर किती चिडायचो! कारण आपल्याला माहीत असतं, यातली कुणाची पोरगी दहावी झाली, कुणी नवा ट्रक घेतला, कुणाच्या सासूला दमा आहे. आणि आपणही म्हणायचो, आमचं वेगळं. पण तमाशातल्या बायकांच्या पोरांना शाळेत घ्यायची वेळ आली, तेव्हा आपल्यातलेच किती जण गप्प बसले? तेव्हा बघ्या वाईट आणि शेजारी साधू, असं काही नाही. बघ्या ओरडतो, शेजाऱ्याला सवय होते. तिथल्या बाईला दोघांचाही उपयोग नाही. हे मी खुर्चीवरूनच मराठीत सांगितलं. भरतनं पुष्कळसं गाळून भाषांतर केलं, तरी जर्मन म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

गोरक्षनं फोटो काढला तो याच वेळी. सहा मुली, सहा शहाळी, मधे मी, वर केलेला हात भाषणातला! भिमाजीकडे बसून त्यानं तो चार लोकांना दाखवला. भिमाजीनं खालची शहाळी कापली, वरची माणसं ठेवली, आणि माझा झाला फ्लेक्स. हे मी घरी आल्यावर सांगणारच होतो, फक्त योग्य व्यासपीठ मिळत नव्हतं. शीलासाठी ठरवलेली रेशमी ओढणी त्या शहाळ्यांत वाहून गेली, म्हणून तिला वाघाचं चित्र असलेला बाम दिला. तो तिला आवडला नाही, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

तेव्हा हे सगळं शीलाला आणि सासूबाईंना शांतपणे, मुद्देसूद, योग्य त्या चढउतारांसह वाचून दाखवा, एवढीच विनंती. मुलांना आशीर्वाद, रोहिणीताईंना (ऐकत असल्यास) नमस्कार.

तुमचा समदुःखी,
भगवंत

ता. क. : टेम्पो अजून आला नाही, म्हणून आणखी थोडं. वाचून दाखवण्याची विनंती मागे घेतो. आत्ताच गावातली भाजीवाली ठकूबाई येऊन गेली. माझ्या निर्दोषपणाची हकिकत मी तिला ऐकवायला घेतली, तर माळवं निवडावं तसे तिनं माझे मुद्दे बाजूला टाकले. म्हणाली, "भाऊ, तुमी नारळपाणी पाजलं का दारू, आमाला काय बी घेणं न्हाई. शीलावहिनी कुठं हायेत? त्या घरात येऊन चिठ्ठी हातात देत्यात, बोट धरून दावत्यात, तवा समजतं. तुमचं भाषण लई भारी असतं, पर घरी गेल्यावर कुठल्या बाटलीवर शिक्का मारायचा, तेच ध्यानात राहत न्हाई." जाताना दारातून ओरडली, "अन् त्यो फ्लेक्स राहू द्या! तुमी हसताना पयल्यांदा बगितलं." म्हणजे चार वर्षं घसा माझा फुटला आणि चळवळ चालवली दुसऱ्याच कुणी.

ता. क. दुसरा : सुदर्शनराव, तुम्ही पत्र ओसरीवर बसून मोठ्यानं वाचता आणि आतल्या दाराआड कोण उभं असतं, हे मला माहीत आहे. तेव्हा आता बाजूला व्हा.

शीला, शनिवारी चावडीपुढं शेवटची सभा आहे. वक्ता म्हणून पत्रकावर तुझं नाव छापायला दिलं आहे, माझं काढलं आहे. मी बायकांच्या मागं सतरंजीवर बसेन आणि तू बोलत असताना तोंड उघडणार नाही. (हे वाक्य लिहायला मला दोनदा पाणी प्यावं लागलं.) रागावलीस तर रागावलेलीच ये, चहा नाही केलास तरी चालेल, पण गावातल्या बायका तुझी वाट बघताहेत. उद्या सकाळी आळेफाट्यावर पुण्याकडची पहिली एसटी येईल, तिच्यात बस.