आत्या गेल्या, चव राहिली

॥ श्री ॥
केनवड, दि. ९ एप्रिल २०२५

चि. हरीओम यास मनकर्णाआत्याचा आशीर्वाद, वि. वि.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलास, म्हणून हे पत्र कुरड्यांच्या खोक्यात वरच ठेवून एसटीने वाशीमला पाठवते आहे. खोकं तर तुला उघडावंच लागेल.

काल बाजारात, आपल्याकडे कुरड्या घालायला येणाऱ्या रंजीताने मला मोबाइल दाखवला. तुझ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार आणि खाली मजकूर, की आत्या गेल्या, चव राहिली. त्यांच्या हातच्या शेवटच्या कुरड्या मोजक्याच शिल्लक. अरे, मी तेव्हा वांगी निवडत उभी होते! आमच्या ह्यांना टपरीवर दोघांनी विचारलं, तेरवी कवा हाय म्हणून. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत.

फोटो आजच्या आज काढ. मेलेल्या माणसाचाच लावायचा होता तर तुझी आजी खरोखर गेलेली आहे, आणि कुरड्या मला तिनेच शिकवल्या.

तुझी, अजून जिवंत,
मनकर्णाआत्या

वाशीम, दि. १२ एप्रिल

ती. आत्यास हरीओमचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्याच्या ओझ्याने वरच्या थरातल्या कुरड्या मोडल्या, त्या आता विकता येणार नाहीत.

तू रागावलीस, पण धंदा राग बघत नाही. नवं गिऱ्हाईक जाहिरातीने येतं, जुनं जिव्हाळ्याने टिकतं. म्हणून मी माल पोचला की तिसऱ्या दिवशी चौकशी करतो, प्रत्येकाला पाच मिनिटांत उत्तर देतो, कुणाच्या पोराचा वाढदिवस विसरत नाही. आणि तू? पाकिटं केनवडला भरायचो तेव्हा पत्त्यांवरचे नंबर उतरवून घेतलेस आणि नागपूरच्या बाईंना फोन करून सांगितलंस, की बाई, तुले शुगर हाय, पुन्हा मांगवू नको. अमरावतीच्या एकीला तेल तापवायची अक्कल नाही म्हणालीस. आणि तरी त्या बायकांना बोलायचं तुझ्याशीच! आत्या कुठे आहेत, आत्यांना द्या. गावाला गेली म्हणून मी किती दिवस सांगणार? शेवटी हार घातला. आजीचा फोटो धूसर आहे, लोक ओळखतात तो चेहरा तुझा.

लोकांनी हळहळून दुप्पट माल मागवला. हंगाम संपला की फोटो काढतो. तोवर कुणाला फोन करू नकोस. तुझा लोभ आहे हे जाणतो, फक्त तो धंद्याच्या आड येऊ देऊ नकोस.

हरीओम

केनवड, दि. १५ एप्रिल

चि. हरीओम,

तुझ्या जिव्हाळ्याला कोपरापासून नमस्कार.

मेलेल्या बाईच्या घरी सुतक असतं आणि सुतकाच्या घरचं कुणी तोंडात घालत नाही, हे तुझ्या मार्केटिंगच्या क्लासात शिकवलं नसेल. मी तुझं म्हणणं मानलं. रंजीताला आणि बाकीच्या बायांना घरी बसायला सांगितलं. भिजवलेल्या गव्हाचा चीक म्हशीला पाजला. भर उन्हाळ्यात माझी गच्ची रिकामी पडली आहे. पाठव आता दुप्पट माल.

आणि नागपूरच्या बाईंना फोन केला. आधी त्यांनी किंचाळून ठेवूनच दिला. मग स्वतः लावला. शुगरची गोळी घेतली का, असं मी विचारलं, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. माझ्या नावाने त्यांनी देवापाशी दिवा लावला होता रे. तुला त्या काय म्हणाल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मनकर्णाआत्या

वाशीम, दि. १८ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आत्या, पाय धरतो. लोक पानावर मला खोटारडा म्हणतात, नराधम म्हणतात. नागपूरच्या बाईंनी त्यांच्या सगळ्या सोसायटीत सांगितलं. माल परत येतो आहे आणि नवा माल तू देत नाहीस. एकेक गिऱ्हाईक जपून ठेवलं होतं, सगळं मातीत चाललं.

एकच उपाय आहे. आपण दोघं शेजारी बसून माफीचा व्हिडिओ करू. चूक कबूल करणारा दुकानदार लोकांना आवडतो, तुटलेलं गिऱ्हाईक अशाने आणखी घट्ट बसतं. तू फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि थोडं रडायचं. हो म्हण, त्याच दिवशी हार काढतो.

तुझ्या मायेची वाट पाहणारा,
हरीओम

केनवड, दि. २१ एप्रिल

हरीओम,

हार राहू दे.

परवा तुझी आई आली. शेजारच्या पोरीने तिला ते पान दाखवलं. फोटो कधीचा ते तिला कुठून कळणार, मी आदल्याच रात्री गेले असं ती समजली. तिने सकाळभर तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. गिऱ्हाइकांचे घेत असशील. ह्यांना फोन करायचा तिला धीर झाला नाही. मानोऱ्याहून एसट्या बदलत, डोक्यावर ऊन घेत ती आली आणि मला दारात शेंगा फोडताना पाहून मटकन खाली बसली. मले म्हणे, बाई, तू जित्ती हायेस, मंग मी हे कोनासाठी आनलं? तिच्या पिशवीत हिरवं लुगडं होतं. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय तिला उचलत नाहीत. त्यासाठी ती कापडाच्या दुकानाच्या पायरीवर, दार उघडायची वाट बघत बसली होती.

आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो, मग पिठलंभाकर खाल्ली. ती अजून इथेच आहे. तिचा फोन तेवढा उचलत जा.

तुझा बाप गेल्यापासून ते लुगडं आणायचा मान तुझा होता. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण केवढा आधार होता मला त्याचा. माझं काही झालं तर भाचा लुगडं घेऊन धावत येईल, असं मी धरून चालले होते. आता लुगडं आलं आहे. घडी घालून पेटीत ठेवलं. ह्यांना सांगून ठेवलं आहे की वेळ येईल तेव्हा हेच नेसवा आणि वाशीमला निरोप धाडू नका.

लोभ होता.

मनकर्णा