कणगीमागची भिंत

कारंजा लाड,
चैत्र, १९७५

प्रिय भागिरथा,

पत्र हाती पडलं की आधी खाली बस. चौथीपर्यंत शिकलीस आणि आजवर फक्त खताच्या पोत्यांवरची अक्षरं वाचलीस, आज माझं गिचमिड वाच. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

काल तुझे मालक, ग्यानबाभाऊ, तूर घेऊन बाजारात आले होते, तसेच घरी आले. चहा निवून गेला तरी बशीकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "वहिनी, शेवंतीचं काही हाये का तुमच्यापाशी? चिंधी बी चालते. भागिरथा म्हन्ते, मले पोरीचं तोंड आठवून नाही राह्यलं." एवढा दांडगा माणूस, पण मला त्यांच्याकडे बघवेना. मी पेटी उपसली, फळीवरचे डबे उतरवले. काही नाही गं निघालं. आपल्या गावात लेकरांचे फोटो काढतो कोण?

सहा वर्षांमागं गोवरानं तुझी पोर नेली, त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं तुला काय आठवतं कोण जाणे. तू पोटुशी होतीस. दारापाशी बसली होतीस आणि रडतही नव्हतीस. दुर्गाबाई सगळं गोळा करत होत्या, झबली, परकर, शिरपूरहून आणलेली लाकडी बाहुली, अंथरुणातली वाकळसुद्धा. "लेकराचं काही ठेवू नका बाप्पा, जीव अडकते तिचा. पोटातल्याले बी त्रास होते." सगळं नदीत गेलं. तेव्हा मला तुझ्या सासूचा असा संताप आला होता! आता येत नाही. त्यांनीही दोन लेकरं पुरली होती, आणि त्यांच्या सासूनं त्यांना हेच शिकवलं होतं.

घर सारवायचं माझ्याकडे होतं. एरवी सणावाराला आपण धान्याच्या कणगीमागं हात घालतो का? पुढून चकचकीत आणि मागं तसंच. तुला तर मी त्यावरून किती चिडवायची. पण मयताच्या सारवणात एक कोपरा सुटू द्यायचा नसतो, म्हणून शेणकाला घेऊन मी कणगी आणि भिंतीमधल्या फटीत शिरले. आत अंधार. हात फिरवता फिरवता माझी बोटं भिंतीतल्या खळग्यांत गेली. पाच बारके खळगे आणि त्यांच्याखाली तळवा. ती भिंत त्याच साली नव्यानं लिंपली होती. ओली असतानाच पोर तिथं लपायला शिरली असणार, आणि तोल सावरायला हात टेकला असणार.

भागिरथा, मी तिथं सारवलं नाही. बाहेर येऊन दुर्गाबाईंना सांगितलं, झालं सगळं. तुला सांगितलं असतं तर तू तिथून हलली नसतीस, आणि त्यांनी तो हात लिंपून टाकला असता. पुढं आमची इकडे बदली झाली. तुझा मुलगा झाल्याचं कळलं, वाटलं, सावरली असेल माझी मैत्रीण. आईला असं सावरता येत नाही, हे काल भाऊंनी दाखवलं.

त्यांना सांगायला माझं तोंड उघडेना. हात अजून आहे की पोपडे सुटून पडला, कोणी सांगावं? नसला तर त्या माणसाचं काय झालं असतं? म्हणून कणगीची नुसती चौकशी केली. "तिथंच हाये," म्हणाले, "पन अखजीनंतर भिंती पाडून राह्यलो, इटाचं घर बांधतो." अक्षय्य तृतीया तर तोंडावर आली! मला हुंदकाच फुटला. शेवंतीसाठी रडते समजून ते घाईनं निघून गेले. रात्रभर माझा डोळा लागला नाही. हे पत्र एसटीच्या रामकिसन कंडक्टरच्या हाती देते आहे. भागिरथा, भिंतीला कुदळ लावू देऊ नकोस. भाऊंना घे, दोघं मिळून कणगी सरकवा. पाणी लावू नका, पुसू नका. आधी तू हात लाव. तुझी बोटं मावायची नाहीत, करंगळी तेवढी जाईल.

तुझीच,
कस्तुरा