तपकिरी बाटलीतलं चविल

प्रिय अफ्रूझ,

ओळख पटतेय का ग? नसेल तर सांगते : मी तुझी बीबी, तुझ्या आईची आई, देना डोंगराखाली राहते. दात गेले, जीभ शाबूत आहे. शिराझला विद्यापीठात शिकवणाऱ्यांना घरचा फोन नंबर विसरायलाही शिकवतात वाटतं. मला अक्षर येत नाही, आरोग्य केंद्रातली कौकब लिहून घेतेय. मधेमधे नाक पुसतेय; शाई पसरली तर तिला बोल.

यंदाही डोंगरावरून चविल आणलं आणि तुपाच्या बुधल्यात मूठभर घातलं. लहानपणी तू विचारायचीस, हा पाला घातला की तूप खवट का होत नाही? मी म्हणायचे, त्याला माझी भीती वाटते. तुला ते पटलं नाही, म्हणून एवढी शिकलीस. चविलाचं तेल काढलंस, त्यात काय काय आहे ते शोधलंस. पायनीन, ओसिमीन... मला ती नावं अजून परगावच्या सुनांसारखी वाटतात. त्या तेलानं काचेच्या ताटलीत कर्करोगाच्या पेशी मेल्या असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा तुझी आई आजारी असूनही अंगणात नाचली. नवरोजला तू त्या तेलाची तपकिरी बाटली पाठवलीस, वर तुझ्या हातची चिठ्ठी. गावाकडचा वास म्हणून पाठवली होतीस, मला ठाऊक आहे.

तुझ्या आईनं, माझ्या माहरुखनं, नुसता वास नाही घेतला. चहात थेंब टाकून प्यायला लागली आणि यासूजच्या इस्पितळात कर्करोगाच्या इंजेक्शनांना जाणं बंद केलं. तुला फोनवर सगळं ठीक म्हणून सांगायची. मी ओरडले, कौकब ओरडली. ही म्हणते कशी, माझ्या पोरीनं शोधलंय, तुम्हा दोघींना काय कळतं? मी म्हटलं, बाई, चविल चांगलं तूप राखतं. खवट झालेलं तूप त्यानं गोड झालेलं मी तरी पाहिलं नाही. ती हसली. तिला तुझा अभिमान होता ग. त्याच्यापुढे माझा बुधला कुठे टिकणार!

परवा डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, आता इंजेक्शनांचाही उपयोग नाही, घरीच ठेवा. काल तिच्यासमोर बुधला उघडला, खोलीभर घमघमाट सुटला, आणि ती विचारते, आई, यंदा चविल घातलं नाहीस? मी बाहेर जाऊन कोंबड्यांना शिव्या दिल्या.

बाटली संपत आलीय. तेलानं जीभ सोललीय, तरी घेते. म्हणते, अफ्रूझला सांग, आणखी पाठव. नाही म्हटलं तर तिच्याजवळ काय उरतं? तुला दोष द्यायला लिहीत नाही. रडायचं ते वाटेत रड, दारात कोरड्या डोळ्यांनी ये. तेल आणू नकोस. नारिंगाच्या फुलांचा पाक कर, पातळ, गिळता येईल असा. तसल्याच तपकिरी बाटलीत भर, तुझ्या हातची चिठ्ठी लाव. तिला आता वास नाही, चव नाही, फरक कळायचा नाही. तरी साखर कमी करू नकोस. तिला लहानपणापासून गोड आवडतं.

तुझीच,
बीबी