सव्वीस वर्षांचा ब्रॅकेट

३ फेब्रुवारी. कारागांडी, कझाकस्तान. उणे तीस.
आमची मुख्य इंजिनिअर आयसुलू (वय एकतीस, मी हिला बाबागाडीत पाहिलंय) म्हणाली, आगाय (इकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात), तेवढा ऑनलाइन कोर्स करून टाका. यंत्राच्या भागाचे कॉम्प्युटरवर बारीक बारीक तुकडे करायचे आणि कुठे किती ताण येतो ते बघायचं. वीस मार्चपर्यंत पास, नाहीतर यंत्रांच्या नकाशांवर सही करायचा माझा अधिकार गेला आणि मी दप्तरखान्यात. मी! कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याला खालून आधार देणारा माझा लोखंडी ब्रॅकेट सव्वीस वर्षं उभा आहे, एक तडा नाही. सगळा हिशेब कागदावर, पेन्सिलीने. असो. दहा दिवसांत उडवतो.

५ फेब्रुवारी
रोज दोन व्हिडिओ, सकाळी सहाला. पक्कं.

९ फेब्रुवारी
एकही नाही. थंडी. शिवाय खुर्ची बरोबर नाही.

१४ फेब्रुवारी
आठ व्हिडिओ एका दमात चालवले. डोळे मिटले होते, पण कान तिकडेच होते. बायको म्हणाली, कानांचं माहीत नाही, घोरणं मात्र स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. बाग्दागुलला इंजिनिअरिंगमधलं काय कळतंय!

२० फेब्रुवारी
पहिला स्वाध्याय. भार टाकला, बटण दाबलं, भाग स्क्रीनवरून उडूनच गेला. तो बोल्टने बांधलेला आहे हे म्हणे आपण सांगायचं असतं. सॉफ्टवेअर मठ्ठ आहे.

१ मार्च
थकलो बुवा. डोळे चुरचुरतात. शेवटचा स्वाध्याय: स्वतः डिझाइन केलेला एखादा भाग तपासा. ब्रॅकेटच घेणार. कळू दे त्या सॉफ्टवेअरला, गाठ कुणाशी आहे.

६ मार्च
डावीकडचा खालचा कोपरा लालभडक. तिथे तडा जाणार म्हणे. तुकडे मोठे पडले असणार. बारीक केले. आणखी लाल.

८ मार्च
महिला दिन, आणि बाग्दागुलला ट्यूलिप आणायचे राहिले. कोर्समुळे.

११ मार्च
कोर्सच्या मास्तरांना दोन पानी तक्रार लिहिली. उद्या पुरावा म्हणून ब्रॅकेटचा फोटो जोडतो.

१२ मार्च
पट्ट्याखाली गेलो. डावीकडचा खालचा कोपरा. वेल्डिंगवर वेल्डिंग, नुसतं ढेकूळ. जुना वेल्डर झाक्सिलिक तिथेच होता. चाचरत म्हणाला, हिवाळ्यात हा कोपरा उलतो, दर वर्षी नौरीझच्या सणाआधी मी दोन टाके मारतो. मग मला सांगितलं का नाहीस, शहाण्या? तर म्हणे, आगाय, दर नौरीझला जेवताना तुम्ही या ब्रॅकेटची गोष्ट सांगता. वडीलधाऱ्या माणसाचा घास कोण कडू करणार?
फोटो काढला. पहिला धूसर आला. थंडीने.

१८ मार्च
तक्रार फाडली. लाल कोपरा आणि फोटो पाठवून दिला. चौसष्ट मार्क. पास. शेरा: प्रत्यक्षाशी उत्तम मेळ.

१९ मार्च
सहीचा अधिकार राहिला. आयसुलूने लगेच पहिला नकाशा पुढे केला. नवा ब्रॅकेट, तो कोपरा जाड केलेला. नकाशावर तारीख दोन वर्षांपूर्वीची. केली सही.

२१ मार्च. नौरीझ, आमचं नवं वर्ष.
कारखान्याचं जेवण, बायकापोरांसकट. कोझेचे, म्हणजे सणाच्या सुपाचे, वाडगे आले तसे सगळे सवयीने चमचे खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. मी म्हणालो, यंदा ब्रॅकेटची गोष्ट झाक्सिलिक सांगेल, खरीखुरी.
तो बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, आगाय, मी काय सांगू, ती सगळ्यांना माहीतच आहे.
बाग्दागुलसुद्धा वाडग्यात बघत होती.