वॉल्टरचा चमचा

हॉल्मरॉयड, यॉर्कशर
३ मार्च २०१९

चि. जिल हिस,
बाबांचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र बोटीच्या कृपेने नवव्या दिवशी पोचलं. ऑर्कनी बेटावरच्या वाऱ्यात कपडे वाळत घातले तर ते नॉर्वेला जाऊन गोळा करावे लागतात, हे वाचून आई बऱ्याच दिवसांनी हसली. तिचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण त्याबद्दल बोललेलं तिला चालत नाही. वाफ्यातले माझे लीक यंदा कांद्याच्या पातीच्या काडीएवढे आहेत. शेजारच्या वाफ्यातला म्हातारा रोज येऊन हळहळून जातो आणि मग आपले दाखवायला नेतो. फोनवर बोलू या, असं तू पुन्हा लिहिलंस. पंचवीस वर्षं कानाशी बिनगोळीची काडतुसं वाजवून घेतलेल्या माणसाला फोनमध्ये नुसता समुद्र ऐकू येतो. तेव्हा पत्रच बरं.

जुन्या लढाईचा देखावा करणाऱ्या आमच्या तुकडीची वार्षिक सभा झाली. चॅपलच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या भरलेला टॉफीचा डबा फिरला. यंदा तीन नवे आले आहेत, त्यांना मी नेहमीचं पाठ केलेलं ऐकवलं. चिठ्ठीवर ज्याचं नाव निघेल तो आपल्याच गावचा खरा शिपाई, वर्षभर तुम्ही तो. तो १९१६च्या जुलैतल्या त्या हल्ल्याच्या सकाळी परत आला असेल तर तुम्हीही यायचं, आणि नसेल तर तो जितक्या पावलांवर पडला तितक्याच पावलांवर पडायचं, एक कमी नाही की जास्त नाही. त्यातल्या एकाच्या कोटाला चुकीची बटणं होती. मी त्याला घरी पाठवलं. तू म्हणशील, बाबा सुधारायचे नाहीत.

आता खरं कारण. मंगळवारी आई गायनाच्या सरावाला गेली असताना एक मुलगा घरी आला. कॅलम त्याचं नाव, सव्वीस वर्षांचा, लीड्सला छपरं बसवण्याचं काम करतो. त्यांची एक नवी तुकडी निघाली आहे. आम्ही पहिलं महायुद्ध दाखवतो, तसं ते अफगाणिस्तानातलं हेल्मंद दाखवतात, २००९चं. जिल, आपला रॉबिन तिथे गेला तेच साल ऐकलं आणि मी किटली तशीच हातात धरून उभा राहिलो. त्याला कुठूनतरी आपलं नाव कळलं होतं. माळ्यावरच्या पेटीतलं रॉबिनचं जाकीट, बूट, जे काही असेल ते मिळेल का, असं त्याने विचारलं. फार अदबीने बोलला. आम्ही ते मानाने जपू, लोकांनी त्याला विसरू नये एवढंच आम्हाला हवंय, असं म्हणाला.

हे वाक्य माझं आहे, जिल. गेल्या पंचवीस वर्षांत कितीतरी म्हाताऱ्या बायकांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच कपातला चहा पीत, त्यांच्या माणसांच्या वस्तू मागताना मी ते बोललोय. समोरच्या खुर्चीत बसून ते कसं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. कळवतो म्हणून त्याला वाटेला लावलं. आईला अजून सांगितलेलं नाही. काय करू ते लिही.

लोभ आहेच, तो माझ्या लीकसारखा काडीएवढा होऊ देऊ नकोस.
तुझा,
बाबा

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
१६ मार्च २०१९

ती. बाबांना,
जिलचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी त्या मुलाचा राग आला, मग तुमचा. त्या मुलाचा राग दुपारपर्यंत गेला.

आधी आईला सांगा. तिच्या गैरहजेरीत तिच्या मुलाबद्दल बोलायचं, हे या घरात फार झालं. ती रडेल म्हणून तुम्ही सांगत नाही, असं तुम्ही म्हणाल. ती रडत नाही बाबा, रडता तुम्ही, तेही लीकच्या वाफ्यात, आणि आम्ही दोघी खिडकीतून बघून पडदा ओढतो.

आता माझ्या मनातलं. मिस आयव्ही ग्रीनवुड तुम्हाला आठवतात का? मला आठवतात. १९९७ साली तुमचा हात मोडला होता म्हणून गाडी मी चालवत होते. एकोणनव्वद वर्षांच्या बाई, एवढ्याशा, पण पार्किन केक स्वतः भाजलेला. भाऊ वॉल्टर गेला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांनी त्याचा चमचा रुमालात बांधून दिला, दांड्यावर त्याचा नंबर ठोकलेला. शिपाई पायाच्या पट्ट्यांत चमचा खोचायचे, हे तुम्ही मला परतताना गाडीत तीनदा सांगितलंत. पण त्याआधी निघताना दारात बाईंनी तुमची बाही धरली होती. चमचा ज्याच्याकडे असेल त्याला तेवढं पाडू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. आमच्या आईने मरेपर्यंत त्याचं ताट मांडलं, एकदा तरी त्याला पलीकडे जाऊ द्या, असं म्हणाल्या होत्या. तुम्ही हो म्हणालात. मी तिथेच होते.

त्याच जुलैत मी मैदानावर आले होते. तो चमचा खोचलेला माणूस चाळीस पावलांवर पडला. मी काही बोलले नाही, तेव्हा मला वाटलं, बाबांना माहीत असेल. आता वाटतं, विचारायला हवं होतं. कॅलमला तुम्ही काय सांगणार, हे मला कळत नाही. पण त्याच्यावर उखडायचा हक्क तुम्हाला फारसा नाही.

फार लागलं असेल तर माफ करा, पण खोडणार नाही. रागावले म्हणून माया आटलेली नाही, तुमचीही आटू नये.
तुमची,
जिल

हॉल्मरॉयड
२४ एप्रिल २०१९

चि. जिल हिस, अ. आ. वि. वि.

पाच आठवडे उत्तर दिलं नाही. कागद काढायचो आणि परत ठेवायचो.

ईस्टरला मी कॅलमच्या तुकडीचा देखावा बघायला गेलो. एकटाच. पार्कात वाळूच्या पोत्यांची भिंत उभी केली होती, शेजारी आइस्क्रीमची गाडी. पोरं चांगली आहेत. मी बोट ठेवायला चूक शोधत होतो, गुडघ्यांवरची पॅडं, कमरेचे पट्टे, सगळं बघितलं, एकही सापडली नाही. मग त्यांच्यातला एक पडला आणि बाकीचे त्याच्या मांडीवर दाब देत ओरडू लागले. माझ्या पुढच्या बाईने मुलाला विचारलं, आइस्क्रीमवर सॉस हवा का रे? तिची काही चूक नाही. आमच्या वेळीही लोक पॉर्कचे पॅटिस खात बघतात आणि मला आजवर त्यात गैर वाटलं नव्हतं. मी गाडीत येऊन बसलो. तासभर गाडी चालू करता आली नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मिस आयव्हींना मी हो म्हणालो होतो. घरी येऊन वॉल्टरच्या पलटणीची रोजनिशी उघडली, तिच्यात लिहिलं होतं, ग्रीनवुड, सुमारे चाळीस पावलं. लिहिलेलं मोडायचं नाही, हा नियम मीच केलेला. बाई नव्वदीच्या, मैदानावर कधी येणार नाहीत, कोण बघतंय, असं मनात आलं. दोन वर्षांनी त्या गेल्या. बावीस उन्हाळे मी वॉल्टरला चाळीस पावलांवर पाडला.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही. रॉबिन सतरा आणि अठरा वर्षांचा असताना दोन्ही वर्षं वॉल्टर त्याला निघाला, आठवतं? गावभर कौतुक झालं होतं, काय योगायोग, म्हणून. तो योगायोग नव्हता. डबा माझ्या हातात होता आणि ती चिठ्ठी माझ्या अंगठ्याखाली होती. तुकडीत त्याच्याइतकं छान पडणारा कोणी नव्हता गं. गुडघा आधी, मग खांदा, टोपी बाजूला. लोक श्वास रोखायचे. मला लोकांना ते दाखवायचं होतं, माझा मुलगा म्हणून मिरवायचं होतं. पुढच्या वर्षी तो खऱ्या सैन्यात गेला. मी त्याला पाठवलं नाही, हे मला कळतं. पण पडायला शिकवलं मीच, आणि दाद दिली तीही मीच. हे दहा वर्षं पोटात घेऊन बसलोय.

आईला आज सगळं सांगणार आहे. कॅलमचं आणि अंगठ्याचंही.

मनातून काढून टाकू नकोस एवढंच.
बाबा

हॉल्मरॉयड
१९ मे २०१९

चि. जिल, आईचे अ. आ.

पत्रं लिहिणं हे तुझ्या बाबांचं खातं, पण या वेळी मीच लिहिते, कारण ते अर्धं गाळतील. गुडघा ठीक आहे, विचारू नकोस.

त्यांनी मला सगळं सांगितलं. अंगठ्याचं मला तेव्हाच कळलं होतं. माझं अर्धं आयुष्य या माणसाशी पत्ते खेळण्यात गेलं, लबाडी करताना त्यांचा डावा कान लाल होतो. तेव्हा मी बोलले नाही, कारण रॉबिन फार खूश होता. म्हणजे त्यात मीही आहेच. त्यांना तसं सांगितलं. त्यांना ते फारसं पटलेलं नाही.

मी मैदानावर जाणं का सोडलं, ते मात्र त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी त्यांच्यावर रागावले. तसं नाही गं. त्या दुसऱ्या वर्षी रॉबिन पडला आणि मला बघवेना, म्हणून मी तशीच बसने घरी आले. खेळ संपल्याची शिट्टी होते, मेलेले सगळे उठतात, गवत झटकतात, रांगेत उभे राहून टाळ्या घेतात. ते मी पाहिलंच नाही. संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, आई, उठल्यावर मी तुला केवढं शोधलं. माझ्या डोळ्यांपुढे तो पडलेलाच राहिला. मग खरं झालं तेव्हा मला वाटलं, तो उठेपर्यंत मी थांबायला हवं होतं. वेडेपणा आहे, पण आहे.

कॅलमला मी चहाला बोलावलं. पेटी मीच माळ्यावरून खाली आणली, गुडघ्यासकट. जाकीट त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, घेऊन जा, पण हे अंगात असेल त्याला पाडायचं नाही. त्याने बाहीची शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाला, काकू, असा शब्द मला देता यायचा नाही, मैदानात कोणावर काय वेळ येईल ते माझ्या एकट्याच्या हातात नाही. खोटं हो म्हणून नेण्यापेक्षा न नेलेलं बरं. आणि त्याने जाकीट स्वतः घडी करून पेटीत ठेवलं. तुझे बाबा उठून लीककडे गेले ते बराच वेळ आले नाहीत.

पोरगा मला आवडला. जाकीट दिलं नाही, पार्किन बांधून दिलं. दर शनिवारी ये म्हटलंय. बघायला ये, हात लावायला ये, न्यायला नको.

बाबा काहीतरी ठरवून बसले आहेत. वॉल्टरचा चमचा राखेने घासत होते. जीव लावतेस तसाच लावत राहा, सुट्टी मिळाली की ये.
तुझी आई

हॉल्मरॉयड
९ जुलै २०१९

चि. जिल हिस, अ. आ. वि. वि.

तुकडीने माझ्याकडून डबा काढून घेतला. मी कुरकुर केली नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढून घेतला असता.

झालं असं. यंदाचा वॉल्टर ज्याला निघाला होता, त्याच्याकडून मी चिठ्ठी मागून घेतली. पोरं हसली, बाहत्तराव्या वर्षी वॉल्टर, लढाईला काठी घेऊन जाणार का, म्हणाली. वॉल्टर एकोणीस वर्षांचा होता. बटणं मात्र माझी बरोबर होती. चमचा पायाच्या पट्टीत खोचला. निघताना आई म्हणाली, मीही येते, आणि तिने टोपी घातली. अठरा वर्षांनी.

शिट्टी झाली, आम्ही चालायला लागलो. दहा पावलांवर एक पडला, पंचवीसवर दोघं. मी मोजत होतो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मोठ्या भोंग्यावर आमचा निवेदक म्हणाला, इथे वॉल्टर ग्रीनवुड पडला. आणि मी चालत राहिलो. तो थोडा थांबला आणि पुन्हा म्हणाला, इथे वॉल्टर ग्रीनवुड पडला. माझ्या मागून कोणीतरी दबक्या आवाजात शिव्या घातल्या, म्हाताऱ्या, पड ना, काय करतोस. लोक हसायला लागले. एक्केचाळीस, बेचाळीस. त्यापुढचं जिल मला शब्दांत नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या मैदानावर गेलो, पण त्या जागेच्या पुढचं गवत मी कधी पायाखाली घेतलं नव्हतं. काटेरी तारेत पट्टी अडकली, ती सोडवली. हसणं थांबलं होतं. एकशे बारा पावलांवर दोरी आली आणि दोरीपलीकडे आई उभी होती. मी म्हटलं, मिस आयव्ही, आणलं बघा त्याला. आईला मी काय म्हटलं ते कळलं. मी लहान पोरासारखा रडलो, सगळ्या गावापुढे, पाठराखणीला एक लीकही नसताना.

चमचा काल चॅपलच्या आवारात मिस आयव्हींच्या थडग्याच्या दगडापाशी पुरून आलो. वॉल्टरचं झालं. रॉबिनला असं चालवत आणायला कुठलं मैदान नाही, हे मला त्या दोरीपाशीच कळलं होतं.

देखावा संपल्याची शिट्टी झाली तेव्हा मी म्हटलं, चल, निघू या. आई म्हणाली, थांब. ती दोरी धरून उभी राहिली. पडलेले एकेक करून उठले, गवत झटकलं, रांगेत आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती प्रत्येकाकडे बघत होती. टाळ्या थांबल्यावरही बघत होती. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, सगळे उठले का?

मैदान रिकामं होतं. मी हो म्हटलं, सगळे उठले. मिस आयव्हींनंतर असं तोंडावर खोटं हो म्हणण्याची ही माझी दुसरी वेळ, आणि माझा कान लाल झाला असणारच. तिने त्याकडे पाहिलं आणि माझा हात धरून मला घरी आणलं.

बोटीचं तिकीट काढलंस की कळव. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, आता जास्तच.
तुझा,
बाबा

ता. क. रॉबिनच्या पेटीतला चमचा आईने स्वयंपाकघरातल्या खणात इतर चमच्यांत ठेवलाय. आलीस की लापशीला तोच घे, पण धुताना जपून, दांड्यावर त्याने खिळ्याने नाव कोरलंय, ते पुसट होत चाललंय.